उसाला दारं धरताना पडलेला प्रश्न: एवढ्या विश्वात आपण कुठे?

प्रश्न पलूसहून आला आहे. विचारणारा तरुण शेतकरी आहे आणि त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "सर, आमच्याकडं शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीची असते. उसाला दारं धरायला गेलो की वर सगळं आभाळ. मोबाइलवर ते व्हिडिओ बघतो. पृथ्वी, मग सूर्य, मग आकाशगंगा, असं मागं मागं जात शेवटी आपण दिसतच नाही. मग वाटतं, कर्ज काढून, ऊस लावून, बांधावरून भांडून आपण करतोय काय? एक, हे आकडे खरे कशावरून? तिथं तर कुणी गेलेलं नाही. दोन, एवढ्या विश्वात माणसाची किंमत शून्यच ना? तीन, दुर्बीण घ्यायची झाली तर कोणती?"

मी साताऱ्यात पदार्थविज्ञान शिकवलं, आणि पावसाळा सोडला तर चाळकेवाडीच्या पठारावर नि आसपास लोकांना आकाश दाखवत आलो. तिन्ही प्रश्नांवर बोलतो, पण आधी त्या व्हिडिओंबद्दल, कारण खरी गडबड तिथून सुरू होते. ते व्हिडिओ विश्व मोठं दाखवतात असं तुम्हाला वाटतं. माझी तक्रार उलटी आहे: ते विश्व फार लहान करून दाखवतात. कॅमेरा अर्ध्या मिनिटात सूर्यमाला ओलांडतो आणि मधला रिकामेपणा कापून टाकतो. विश्वात मुख्य गोष्ट जर कोणती असेल तर ती हा रिकामेपणा.

एकदा साताऱ्यातच मांडून बघू. दहा लाख किलोमीटर म्हणजे एक मीटर असं प्रमाण धरा. सूर्याचा व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर, म्हणून पोवई नाक्यावर जेमतेम १.४ मीटरचा गोळा ठेवायचा. पृथ्वी त्याच्यापासून १५० मीटरवर, मोठ्या काबुली हरभऱ्याएवढी. चंद्र म्हणजे ज्वारीचा दाणा, हरभऱ्यापासून ३८ सेंटीमीटरवर. माणूस स्वतः आजवर जिथवर गेला ती हद्द एवढीच, हातभर. गुरू १४ सेंटीमीटरचा चेंडू, ७८० मीटरवर. नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, संगम माहुलीच्या बाजूला कुठेतरी, पाच सेंटीमीटरचा. मधे जवळजवळ काहीच नाही. या मांडणीत प्रकाश सेकंदाला ३० सेंटीमीटर जातो, म्हणजे रांगणाऱ्या मुलाच्या चालीनं. सूर्यापासून आपल्या हरभऱ्यापर्यंत यायला त्याला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात.

५ सप्टेंबर १९७७ ला सुटलेलं व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं अजून धावतंय. माणसानं बनवलेली इतकी लांब गेलेली दुसरी वस्तू नाही. आपल्या मांडणीत ते साधारण पंचवीस किलोमीटरवर पोचलंय. पोवई नाक्यावरून निघून कासच्या पठारावर, बस्स. आणि सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी, प्रॉक्सिमा नावाचा तारा, खऱ्या हिशेबानं ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे (प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष). आपल्या मांडणीत तो येतो ४०,००० किलोमीटरवर. पृथ्वीचा परीघही ४०,००० किलोमीटरच. म्हणजे पोवई नाक्यावरून निघायचं, सगळ्या पृथ्वीला वळसा घालायचा आणि परत पोवई नाक्यावर यायचं, तेव्हा कुठे पुढचा तारा. व्हॉयेजर तिकडं चाललेलं नाही, पण त्याच वेगानं गेलं असतं तर पाऊण लाख वर्षं लागली असती.

इथून पुढं ही मांडणी मोडते. आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षं, आणि हरभऱ्याच्या प्रमाणातही ती पंचाण्णव कोटी किलोमीटर भरते. खऱ्या सूर्यापासून खऱ्या गुरूपर्यंतचं अंतर त्याहून कमी आहे. प्रतिकृतीच डोक्यात मावत नसेल तर ती कशाला करायची? म्हणून मी लोकांना सांगतो, आकाशगंगेच्या पुढं डोळ्यासमोर चित्र आणायचा हट्ट सोडा. कुणाच्याच डोळ्यासमोर येत नाही, आमच्याही नाही. आम्ही आकड्यांवर आणि ते कसे काढले यावर भरवसा ठेवतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. तिथं कुणी गेलेलं नाही हे खरं. पण अंतर मोजायला तिथं जावं लागत नाही. मोजणीला आलेला भूकरमापकही विहिरीच्या आत उतरून पलीकडं जात नाही, या कडेवरून कोन धरतो. आकाशाची मोजणी तशीच चालते, फक्त पाया मोठा लागतो आणि पुढची प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असते.

पहिली पायरी तुम्ही स्वतः चढू शकता. वर्षातून दोनदा सूर्य भर माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सांगलीत हा दिवस ७ मेच्या सुमारास येतो, पलूसला ८ च्या आसपास, साताऱ्यात १० किंवा ११ मेला. दुसरा दिवस ऑगस्टमध्ये येतो, तेव्हा आमच्याकडं सूर्य आठवडाभर दिसला तरी नशीब, त्यामुळे तो सोडून द्या. सांगलीत सावली शून्य झाली त्याच दिवशी साताऱ्यातल्या मित्राला एक मीटरची सरळ काठी ओळंब्यानं उभी करून माध्यान्हीची सावली मोजायला सांगा. दीड सेंटीमीटरच्या आसपास भरेल, उत्तरेकडं पडलेली. त्यावरून कोन निघतो ०.८३ अंश. दोन्ही गावांत उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ९२ किलोमीटर. ०.८३ अंशाला ९२, तर ३६० अंशांना किती? उत्तर चाळीस हजारांच्या जवळपास येतं. सावलीची कड धूसर असते, एका मिलिमीटरची चूक झाली तरी उत्तर अडीच-तीन हजारांनी हलतं. पण एका काठीवर आणि एका फोनवर पृथ्वीचा परीघ निघतो. इराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानानं इजिप्तमध्ये साधारण सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हेच केलं होतं. त्याचा कोन ७.२ अंशांचा होता, म्हणून त्याला ते सोपं गेलं.

पृथ्वी कळली की चंद्र आणि सूर्य. सूर्याचं अंतर काढायला अठराव्या शतकात शुक्राची अधिक्रमणं वापरली. १७६१ आणि १७६९ मध्ये माणसं जहाजांतून जगभर पांगली आणि सूर्यबिंबावरून शुक्राचा ठिपका सरकताना वेगवेगळ्या ठिकाणांहून वेळा नोंदवल्या. आता रडारची लहर शुक्रावर आपटून परत यायला किती वेळ लागतो यावरून ते काम होतं.

सूर्याचं अंतर हाती आलं की पाया तयार झाला. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या एका बाजूला असते, जुलैत दुसऱ्या. दोन्ही जागांत तीस कोटी किलोमीटरचं अंतर. एवढ्या पायावरून बघितलं तर जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसायला हवा. दिसायला हवा हे माहीत असूनही शतकानुशतकं कुणाला दिसला नाही, आणि पृथ्वी फिरत नाही म्हणणाऱ्यांचा तोच मोठा पुरावा होता. १८३८ मध्ये जर्मन खगोलज्ञ बेसेलनं हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं हे सरकणं मोजलं. कोन किती? एका अंशाचे ३,६०० भाग करा, त्यातल्या एका भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा. त्यावरून अंतर निघालं दहा प्रकाशवर्षांच्या थोडं वर. आजचा आकडा ११.४ आहे. गैया नावाच्या युरोपीय यानानं अलीकडं अशीच मोजणी जवळजवळ दीडशे कोटी ताऱ्यांची केली.

पण ही पद्धत आकाशगंगेच्या बाहेर चालत नाही, कोन फारच बारीक होतो. तिथं एका बाईनं वाट काढली. हेन्रिएटा लेव्हिट हार्वर्ड वेधशाळेत फोटोच्या काचा तपासण्याचं काम करायची. पेरूमधल्या अरेकीपाहून आलेल्या काचांवर लहान मॅगेलन मेघ नावाचा ताऱ्यांचा पुंजका होता. (हा मेघ आपल्याकडून दिसत नाही. साताऱ्याहून तो क्षितिजाच्या वर जवळजवळ येतच नाही.) त्यातले काही तारे ठरावीक दिवसांनी उजळायचे आणि मंदावायचे. १९१२ मध्ये तिनं दाखवून दिलं की ज्याचा फेरा लांब तो तारा मुळात जास्त तेजस्वी. मग काम सोपं झालं. फेरा मोजा, खरं तेज कळेल. ते इथून किती मंद दिसतंय बघा, अंतर कळेल. १९२३ मध्ये अमेरिकी खगोलज्ञ एडविन हबलला देवयानी तारकासमूहातल्या एका धूसर ठिपक्यात असा एक तारा सापडला. तोवर बड्या बड्या लोकांचं मत होतं की तो ठिपका आपल्याच आकाशगंगेतला ढग आहे. हबलचं उत्तर नऊ लाख प्रकाशवर्षं आलं. म्हणजे ती स्वतंत्र आकाशगंगा निघाली. आपल्या आकाशगंगेला सगळं विश्व समजण्याचे दिवस त्या एका ताऱ्यानं संपले.

आणि नऊ लाख हा आकडा चूक होता. आज आपण पंचवीस लाख धरतो. असे तारे दोन जातींचे असतात हे हबलला माहीत नव्हतं, ते १९५० च्या सुमारास वॉल्टर बाडे या खगोलज्ञानं उलगडलं आणि सगळी दूरची अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली. तुम्ही विचारलंत आकडे खरे कशावरून. माझं उत्तर असं की आकड्याबरोबर तो काढायची रीत लिहून ठेवलेली असते, त्यामुळे कुणालाही त्यातली चूक शोधता येते. आजही एक भांडण मिटलेलं नाही. विश्व किती वेगानं प्रसरण पावतंय याचं उत्तर एका रीतीनं ६७ येतं, दुसरीनं ७३ (दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागं सेकंदाला इतके किलोमीटर). दोन्हीकडं काम चोख आहे. कुठंतरी काहीतरी राहिलंय.

आपल्या मातीतलं उदाहरणही देतो. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संशोधन संस्था उभी केली, आणि विश्वाची सुरुवात महास्फोटानं झाली हा सिद्धांत त्यांनी शेवटपर्यंत मान्य केला नाही. १९६० च्या दशकात ब्रिटिश खगोलज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला आणि पुढंही पर्यायी मॉडेलं मांडत राहिले. बहुसंख्य खगोलज्ञ त्यांच्याशी सहमत नव्हते, मीही नाही. पण पुरावा मागत राहणारा माणूस शेजारी असला की बाकीच्यांना आपला हिशेब नीट ठेवावा लागतो. त्याच आयुकाच्या आणि पुण्यातल्या आयसर या विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मीन राशीच्या दिशेला दीर्घिकांचा, म्हणजे आकाशगंगांचा, एक महासमूह शोधला आणि त्याला सरस्वती नाव दिलं. अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं, विस्तार साठ कोटींच्या वर. पलूसहून तासगावला जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात प्रकाश शनीपर्यंतही पोचत नाही, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचा.

एक शंका प्रत्येक आकाशदर्शनात येते, म्हणून इथंच निकालात काढतो. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं, मग दिसणाऱ्या विश्वाचा व्यास ९,३०० कोटी प्रकाशवर्षं कसा? प्रकाश वाटेत असताना मधली जागा ताणत गेली, म्हणून. ज्या ठिकाणाहून तो निघाला ते ठिकाण आता सुमारे ४,६५० कोटी प्रकाशवर्षांवर गेलंय, आणि सगळ्या दिशांना तेच. ही आपल्या नजरेची हद्द झाली. विश्व तिच्या पलीकडंही आहे, पण तिथला प्रकाश अजून आलेला नाही. या हद्दीजवळून निघालेला, पार थंडावलेला प्रकाश १९६५ मध्ये पेन्झिअस आणि विल्सन या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ओळखला. त्यांना आधी वाटलं होतं की आपल्या अँटेनातच खरखर आहे. जुन्या टीव्हीवर चॅनेल नसताना मुंग्या यायच्या, त्यांतल्या अगदी थोड्या त्या प्रकाशाच्या असायच्या.

आता किंमत.

हरभऱ्यावरच्या माणसाचं आकारमान काढत बसलं तर उत्तर शून्यच येणार, त्यात वाद नाही. पण समजा उद्या सगळं विश्व आक्रसून सांगली जिल्ह्याएवढं झालं. मग तुमची किंमत वाढेल का? सोसायटीचं कर्ज फिटेल? तुमच्या पोराचं तुमच्यावर जास्त प्रेम बसेल? काहीच होणार नाही. मग विश्व मोठं निघाल्यानं किंमत कमी कशी झाली? आकाराचा आणि किमतीचा संबंध आपण जोडतो, तो आकाशात लिहिलेला नाही. बांधावरून भांडायचं की नाही हा प्रश्न विश्व लहान असतं तरी होता तितकाच आहे. (भांडू नका. मोजणी करून घ्या.)

आणि मोजायचंच असेल तर एकट्या लांबी-रुंदीनं का मोजायचं? काळानं मोजून बघा. विश्व १,३८० कोटी वर्षांचं, आपली पृथ्वी ४५४ कोटींची. म्हणजे पृथ्वीचं वय विश्वाच्या एक तृतीयांश आहे. इथली जीवसृष्टी साडेतीनशे कोटी वर्षांहून जुनी आहे, म्हणजे विश्वाच्या वयाचा चौथा हिस्सा पृथ्वीवर काही ना काही जगतंय. जागेच्या हिशेबात आपण दशांश चिन्हानंतर पंचवीस शून्यांच्या पलीकडं, आणि काळाच्या हिशेबात चार आण्यांचे भागीदार. याबद्दल लोक कधी बोलत नाहीत, कारण त्यात खिन्न व्हायला काही नाही.

चाळकेवाडीला मी एक गोष्ट मुद्दाम करतो. मार्च-एप्रिलमध्ये दुर्बीण कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या समूहाकडं लावतो. फिकट डाग दिसतात, निराशाजनक असतात खरं तर. त्यांचा प्रकाश सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी निघाला. लोक "बाप रे" म्हणतात. मग सांगतो, तुमच्या खालचा हा सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा हा दगड थंड होऊन कोटभर वर्षं झाली होती. प्राचीन काही बघायचं असेल तर खाली बघा.

तिसरं माप माझं आवडतं. सूर्य एवढा तेजस्वी, पण त्याच्या एका किलोमागं किती उष्णता बाहेर पडते? ०.०००२ वॅट. आरामात बसलेला सत्तर किलोचा माणूस साधारण शंभर वॅट उष्णता टाकतो, म्हणजे किलोमागं जवळजवळ दीड वॅट. किलोला किलो लावला तर तुम्ही सूर्याच्या सात हजार पट आहात. सूर्याच्या अगदी गाभ्यातसुद्धा एका घनमीटरमागं पावणेतीनशे वॅटच्या आसपास निर्मिती होते. तुमच्या उकिरड्यात शेणखत तापतं तेव्हा त्याची धगही त्याच पंगतीतली. सूर्य तळपतो तो केवळ अवाढव्य आहे म्हणून. तारा ही तशी साधी गोष्ट आहे: वायूचा गोळा, त्याचं वजन त्याला आत दाबतं, उष्णता बाहेर ढकलते. चार समीकरणांत त्याचं बरंचसं आयुष्य बसतं. कासला सप्टेंबरात जांभ्याच्या वितभर मातीत फुलणाऱ्या एखाद्या रोपट्याचं आयुष्य चार समीकरणांत बसवून दाखवा. अजून कुणाला जमलेलं नाही. आपल्याला माहीत असलेल्या विश्वात सर्वांत गुंतागुंतीच्या वस्तू सर्वांत मोठ्या नाहीत, त्या मधल्या मापाच्या आहेत: रोपं, किडे, माणसं.

ही गुंतागुंत बाहेरून आलेली नाही, हेही सांगायला हवं. तुमच्या शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन जवळजवळ सगळा विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतला आहे. कासच्या जांभ्याला तांबडा रंग देणारं लोह आणि तुमच्या रक्तातलं लोह एकाच जातीच्या घटनांतून आलं: तारे फुटले, तेव्हा बाहेर पडलं. हे वाक्य लोक फार कवितेसारखं वापरतात, मला ते हिशेबवहीतल्या नोंदीसारखं वाटतं. माल कुठून आला, एवढंच.

एक गृहस्थ नेहमी म्हणतात, "हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा सांगितलाय." आकडा पृथ्वीच्या वयाच्या जवळ आहे, पण तो कुठल्याही मोजणीतून आलेला नाही, युगांच्या गुणाकारातून आलाय. जवळ येणं हा योगायोग. मात्र त्या परंपरेतली एक गोष्ट मला मनापासून भावते. घरात पूजेला बसलं की गुरुजी संकल्प सोडायला लावतात. ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या उत्तरार्धापासून सुरुवात, मग श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुग, मग दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर, संवत्सर, महिना, तिथी, आणि शेवटी यजमानाचं गोत्र आणि नाव. अब्जावधी वर्षांच्या यादीत स्वतःचं नाव घालताना यजमानाचा आवाज जराही लाजत नाही. पत्ता लांबलचक आहे म्हणून घर रद्द होत नाही. आता पत्ता बदललाय: सरस्वतीहून वेगळा महासमूह, आकाशगंगा, केंद्रापासून सुमारे सव्वीस हजार प्रकाशवर्षांवरची एक भुजा, सूर्य, तिसरा ग्रह, कृष्णेचं खोरं, पलूस. खाली नाव घालायची जागा आहे तशीच आहे.

दुसरीकडं कुणी आहे का? आजवर सहा हजारांवर परग्रह निश्चित झालेत, जीवसृष्टीचा पुरावा एकाही ठिकाणी नाही. आपले रेडिओ संदेश सुटून जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं झाली, म्हणजे ते तेवढ्याच प्रकाशवर्षांच्या आत आहेत आणि आकाशगंगा एक लाखाची. कुणी ऐकलं असेलच असं नाही, ऐकून उत्तर दिलं तर पोचायला वेळ आहे. यावर यापेक्षा जास्त बोलणारा माणूस बहुधा काहीतरी विकत असतो.

दुर्बिणीचं. आत्ता घेऊ नका. बाजारात "६०० पट" लिहिलेली, डुगडुगत्या तिवईवरची जी खोकी मिळतात ती तर अजिबात नको. मोठा आकडा छापलेला असला की भिंग हमखास वाईट असतं, असा माझा अनुभव. १० बाय ५० ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगाची, बायनॉक्युलर घ्या. आधी कुणाची मागून मिळाली तर उत्तम. तिच्यात चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र, कृत्तिकेतले कितीतरी तारे आणि मृगातला तेजोमेघ दिसतो. हात हलतात, म्हणून बांधाला पाठ टेकून बसा किंवा बाजेवर आडवे व्हा.

नोव्हेंबरअखेरीस रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडं तोंड करून बरंच वर बघा. शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एमसारखा आकार सापडला की त्याच्या अधिक टोकदार बाजूच्या रोखानं वर सरका. एक लांबट धूसर डाग दिसेल, तीच देवयानी, हबलचा तारा जिच्यात सापडला ती. नजर सरावली की नुसत्या डोळ्यांनीही दिसते. मेच्या मध्यात रात्री अकरा-साडेअकराला उलट दक्षिणेला बघा, क्षितिजापासून बारा अंशांवर मित्र हा ठळक तारा दिसेल. प्रॉक्सिमा त्याच्याच गोतावळ्यातला, पण इतका मंद की डोळ्यांना दिसत नाही. दिल्लीवाल्यांना मित्रही जवळजवळ दिसत नाही, तुम्हाला बांधावरून दिसतो. त्याच्या पश्चिमेला त्रिशंकू हा तारकासमूह. दक्षिणेला कारखान्याचे दिवे नसतील असा बांध निवडा.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती सवय मोडते. बॅटरीवर लाल जिलेटीन लावा. पण दारं फोडायला पाण्यात उतराल तेव्हा पांढरा उजेडच वापरा आणि पायांत गमबूट असू द्या, उसात घोणस आणि मण्यार दोन्ही असतात. एक हिवाळा बायनॉक्युलर वापरा. तेव्हाही हौस टिकलेली असली तर सहा इंची डॉबसोनियन दुर्बिणीबद्दल विचारा, तोवर पैसे ठिबकाला घाला.